दोन फुटांचं स्टेज, चोवीस फुटांचा उतार : बेळगावातल्या एका हॉटेलची अधिवेशनापूर्वीची पाहणी

फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी बेळगावात गणिताच्या शिक्षकांचं दोन दिवसांचं अधिवेशन होतं. जागा ठरली होती हमरस्त्याला लागून असलेल्या एका मोठ्या हॉटेलात. तळमजल्यावर बँक्वेट हॉल, मागे लग्नांचं लॉन, वर राहायच्या खोल्या. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव तालुक्यांतले मराठी माध्यमाचे शिक्षक आणि पलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज, कागल भागातले मिळून दोनशेच्या आसपास माणसं येणार होती. रविवारी सकाळचं मुख्य व्याख्यान निपाणीकडच्या एका सरांचं होतं. विषय : कागदाच्या घड्या घालून भूमिती कशी शिकवावी.

सर व्हीलचेअर वापरतात. काही वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद व संवेदना गेली. नोकरी सुरू आहे, वर्ग सुरू आहे, शाळेत त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली आहे. बाहेरगावच्या कार्यक्रमाला मात्र ते सहसा नाही म्हणतात. या वेळी हो म्हणाले, पण एका अटीवर : जागा आधी कुणीतरी डोळ्यांनी बघून यावी. मी बेळगावातच राहते, पूर्वी त्यांच्याबरोबर एका शाळेत होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी आयोजक नव्हते, जाणाऱ्यांपैकी एक होते.

पाहणीत काय केलं, काय सापडलं, काय सुटलं आणि काय राहिलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. सीमाभागात लहानमोठी संमेलनं, मेळावे, अधिवेशनं सतत होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत दर वर्षी साहित्य संमेलनं भरतात. प्रत्येक ठिकाणी मांडव, पाहुणे, जेवणावळ यांची चोख व्यवस्था असते. व्हीलचेअरवरचा माणूस तिथे पोचणार कसा, हे मात्र तो दारात आल्यावरच आठवतं.

फोनवरचं उत्तर

आयोजकांनी हॉटेलला फोन केला तेव्हा मॅनेजरांचं उत्तर तयार होतं. रॅम्प आहे, लिफ्ट आहे, काळजीचं कारण नाही. आणि कुठे अडलंच, तर आमची चार पोरं आहेत, खुर्चीसकट उचलून ठेवतील.

हे शेवटचं वाक्य चांगल्या मनाने म्हटलं जातं, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे ते सगळीकडे ऐकू येतं, देवळात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये. सर त्याला ठाम नकार देतात आणि मला तो नकार शंभर टक्के पटतो. कण्याच्या दुखापतीनंतर पायांवर भार पडत नाही, त्यामुळे हाडं ठिसूळ होतात. हात निसटला, खुर्ची कलली, पाय कशात अडकून मुरगळला तरी हाड मोडू शकतं, आणि संवेदना नसल्याने ते त्या वेळी कळतही नाही. खुर्चीचे हात किंवा पाय ठेवायच्या पट्ट्या निघणाऱ्या असतात. उचलणाऱ्याला ते माहीत नसतं, तो नेमका तिथेच धरतो. हे झालं शरीराचं. दुसरं असं की दोनशे सहकाऱ्यांसमोर व्याख्याता म्हणून यायचं आणि चार जणांनी पोत्यासारखं उचलून स्टेजवर ठेवायचं, हे कुठल्याही माणसाने का सोसावं?

फोनवर माहिती मिळत नाही याचं कारण साधं आहे. मॅनेजर खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हॉटेलला रॅम्प होताच. तो कशासाठी बांधला होता, हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता.

सरांची काठी

पाहणीला जाण्याआधी मी सरांकडून त्यांचा पूर्ण दिवस समजून घेतला. उठल्यापासून झोपेपर्यंत. तो नीट समजला म्हणून पुढचं सगळं जमलं.

त्यांच्या खुर्चीची रुंदी चाकांच्या कड्यांसकट २६ इंच. बसायची उंची गादीसकट २० इंच. एकाच जागी बसून राहिलं की त्वचेवर दाब येऊन जखमा होतात, म्हणून दर वीसेक मिनिटांनी ते दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलतात आणि दुपारी अर्धा तास आडवे होतात. म्हणजे पलंग हॉलपासून फार लांब नको. लघवीसाठी दर चार ते पाच तासांनी कॅथेटर लावावा लागतो. त्याला स्वच्छ जागा, आतून लागणारी कडी, भरपूर उजेड आणि हात धुवायला हाताशी पाणी हवं. पायांना गरम-गार कळत नाही. फेब्रुवारीत बेळगावची सकाळ गारच असते, आंघोळीला गिझर लागतोच, आणि गिझरचं कढत पाणी पायावर पडलं तर भाजेपर्यंत कळणार नाही. हे मला स्वतःहून सुचलं नसतं.

सरांनी भाच्याबरोबर एक बांबूची काठी पाठवून दिली. बरोबर २६ इंचांची, दोन्ही टोकं कानशीने घासलेली. वीस इंचांवर निळी खूण : बसायची उंची. तेवीस इंचांवर लाल : गुडघ्यांची उंची, म्हणजे टेबल याच्या वरच हवं. काठीला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : "बाई, काठी आडवी धरून जिथनं जाईल तिथनं मी जाईन. टेप नंतर लावा."

मोजायची टेप मी नेली होतीच. पण टेप आकडा सांगते, आणि तो आकडा पुरेसा आहे की नाही हे पुन्हा डोक्यात ताडून बघावं लागतं. काठी दाराला अडली की सोबतच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. मॅनेजरांना सगळ्यात जास्त त्या काठीनेच पटवलं.

कधी जायचं

डिसेंबरात जाण्यात अर्थ नव्हता. सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, २०१२ साली उभं राहिल्यापासून विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावातलं जवळजवळ प्रत्येक बरं हॉटेल मंत्री, आमदार, अधिकारी आणि बंदोबस्ताच्या माणसांनी भरलेलं असतं. त्या दिवसांत रस्ते वेगळे, वाहतूक वेगळी, हॉटेलातली माणसंही तारेवर. म्हणून जानेवारी धरला. वारही मुद्दाम शनिवार-रविवार, कारण अधिवेशन त्याच वारी होतं. मंगळवारी दुपारी रिकामं दिसणारं हॉटेल शनिवारी संध्याकाळी ओळखू येत नाही.

तसंच झालं. आम्ही पोचलो तेव्हा लॉनवर लग्न होतं. पोर्चमध्ये फुलांची कमान, तिच्या एका बाजूचे खांब थेट रॅम्पवर रोवलेले. बँडवाले रॅम्पवर बसून चहा पीत होते.

कमानीचा खांब सोडला तरी रॅम्प उपयोगाचा नव्हता. पोर्चची उंची २० इंच, रॅम्पची लांबी १० फूट. म्हणजे एकास सहा. केंद्र सरकारच्या सुगम्य इमारतींबद्दलच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान एकास बारा सांगितलं आहे : एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्यावर गुळगुळीत ग्रॅनाइट, बाजूला कठडा नाही. सामानाच्या ट्रॉलीला तो पुरतो, कारण ट्रॉलीला मागून एक धडधाकट माणूस ढकलत असतो आणि ती मागे घसरली तर बॅगा पडतात, माणूस पडत नाही.

मोजमाप चाललेलं बघून पार्किंगचे वॉचमन जवळ आले. पन्नाशीचे, खानापूरकडचे. काय करताय म्हणून विचारलं, मी सांगितलं.

"अक्का, ह्यो ट्रॉलीचा रॅम्प हाय," ते म्हणाले. "मागं किचनला भाजीचा टेम्पो लागतोय बघा, तिथनं आत एकबी पायरी न्हाई."

त्यांनी नेऊन दाखवलं. खरंच सपाट. पण ओली फरशी, सिलिंडर, कांद्याची पोती, भांडी घासायची मोरी. अनेक ठिकाणी व्हीलचेअरच्या माणसाला असंच मागच्या दाराने आत घेतात आणि सोय झाली म्हणतात. ते मला मान्य नव्हतं आणि मी तसं बोललेही. वॉचमनना त्याचा राग आला नाही. ते क्षणभर थांबले, मग किल्ल्यांचा जुडगा काढून इमारतीच्या बाजूला गेले. तिथे दोन पल्ल्यांचं एक काचेचं दार होतं, आतून मोडक्या खुर्च्यांनी अडलेलं. पार्किंगच्या पातळीला जुळणारं, उंबरा अर्ध्या इंचाचा, दोन्ही पल्ले उघडले की काठी दोनदा मावेल एवढं रुंद, आणि आत शिरलं की थेट हॉलबाहेरचा पॅसेज. मॅनेजरांना हे दार आहे हे माहीत होतं. सामान ठेवायला ते कायमचं बंद केलं होतं, एवढंच.

हॉटेल बघायला जाल तेव्हा वॉचमन, लिफ्टवाला, झाडूवाली मावशी यांच्याशी बोलल्याशिवाय परत येऊ नका. इमारत चाकांवर कशी चालते हे त्यांना माहीत असतं, कारण दिवसभर काहीतरी ढकलण्याचं काम त्यांच्याकडेच असतं.

खोली

खोल्या तळमजल्यावर नव्हत्याच. पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या जवळची खोली मागितली. लिफ्टच्या दारातून काठी आरामात गेली. आत खुर्ची वळणार नाही एवढीच जागा होती, म्हणजे सरळ शिरायचं आणि उलट बाहेर यायचं. ते चालतं. वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे विचारून थांबले नाही, दाखवा म्हटलं. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याच्या हेस्कॉमच्या सूचना पेपरात येतच असतात, त्यातली एखादी नेमकी त्या रविवारची निघाली असती तर? त्यांनी मेन बंद केला, दिवे गेले, थोड्या वेळात जनरेटर लागला आणि लिफ्ट चालू झाली. हे लिहून घेतलं.

आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. पहिल्या मजल्यावरून सर उतरणार कसे? याला हॉटेलकडे काही साधन नव्हतं. उचलण्याला सरांनी मान्यता दिली ती फक्त या एका प्रसंगासाठी, आणि तीही स्वतःच्या अटींवर : आमच्यातल्या दोघा तरुण शिक्षकांना त्यांनी आधी घरी बोलावून खुर्ची कुठे धरायची, पायऱ्या उतरताना मागची चाकं कशी टेकवत न्यायची ते शिकवलं. त्या दोघांच्या खोल्या सरांच्या शेजारी घेतल्या.

खरी अडचण बाथरूमच्या दाराशी होती. चौकटीची आतली रुंदी साडेसत्तावीस इंच, म्हणजे काठी जायला हवी. मी आडवी धरून पुढे सरकवली आणि टोक दाराच्या पल्ल्याला लागलं. दार नव्वद अंशांत उघडतच नव्हतं. मागे बेसिन होतं, पल्ला त्याला टेकून तिरपा थांबत होता, आणि उरलेली फट साडेपंचवीस इंच. अर्ध्या इंचाने सगळं अडलं. मॅनेजर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी स्वतः काठी हातात घेतली, एकदा वरून, एकदा खालून घालून बघितली. मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३५ इंच सांगितली आहे, हे मी तिथे बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

सरांना फोन लावला.

"दार काढता येतं का विचारा की, बाई. बिजागऱ्या बाहेरनं आहेत का बघा."

बाहेरूनच होत्या. हॉटेलच्या सुताराने सहा स्क्रू काढून पल्ला उतरवून दाखवला. चौकट पूर्ण मोकळी झाली की साडेसत्तावीस इंच मिळतात. बोटं चौकटीला घासतील म्हणून तेवढ्यापुरते चाकांवरचे हात सोडून चौकटीला धरून स्वतःला आत ओढायचं. दाराच्या जागी जाड पडदा, आणि खोलीचं मुख्य दार आतून बंद. बाथरूमला दोन इंचांचा उंबरा होता, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. त्याला दोन्ही बाजूंनी लाकडाची पाचर. कमोडची उंची १८ इंच, ती बरी निघाली. आंघोळीला टेकू असलेली, न घसरणारी खुर्ची सर घरूनच आणणार होते. गिझरचं तापमान कमी करून ठेवायला सांगितलं आणि तरीही आधी हाताने पाणी बघायचं हे वहिनींच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, यादीत होतंच.

पलंग २७ इंच उंच होता. वीस इंचांवरून सत्तावीसवर हातांच्या जोरावर चढणं म्हणजे रोज दोन-तीनदा खांद्यांची वाट लावणं. वरची सहा इंचांची स्प्रिंगची गादी काढली की प्रश्न मिटतो.

स्टेज

हॉलमध्ये स्टेज मांडववाल्याचं. दोन फूट उंचीच्या लोखंडी घोड्यांवर प्लायवूड, वर लाल कार्पेट, बाजूला तीन पायऱ्या. मांडववाले गृहस्थ म्हणाले, सहा फुटांची फळी लावून देतो.

सहा फुटांची फळी दोन फुटांवर टेकवली तर चढ एकोणीस अंशांहून जास्त होतो. एकास बाराचा चढ पाच अंशांहूनही कमी असतो. दोन फुटांच्या स्टेजला उतार हवा चोवीस फूट. हॉलची रुंदी चाळीस, स्टेज चोवीस रुंद. उतार मावणार नाही, आणि मावला तरी पहिल्या दोन रांगा खाऊन टाकेल. हा हिशेब मी मांडववाल्यांपुढे कागदावर केला आणि त्यांना तो लगेच कळला, कारण उंची आणि लांबीचा हिशेब ते रोज करतात. तेच म्हणाले, मग एक फुटाच्या घोड्या आहेत की माझ्याकडे, भजनाच्या कार्यक्रमाला लावतो त्या. उतार बारा फूट. स्टेजच्या एका टोकापासून भिंतीच्या कडेने जातो, कुणाची जागा जात नाही.

मागच्यांना दिसेल का, ही आयोजकांची शंका होती. घड्या हातात घालून दाखवायच्या असल्याने कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर दाखवणं तसंही ठरलं होतं, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही. उताराच्या कडेला चाक घसरू नये म्हणून चार इंचांची पट्टी मारून घेतली. कार्पेट नुसतं अंथरायचं नाही, खिळ्यांनी ताणून बसवायचं, कारण सैल कार्पेटच्या सुरकुतीत पुढची लहान चाकं रुततात. उभ्याचं पोडियम नको, कॉलर माइक हवा. टेबलाखाली काठीची लाल खूण मोकळी जायला हवी, आणि टेबलाला पुढून झालर लावायची तर ती गुडघ्यांत येणार नाही अशी. दीपप्रज्वलनाची समई चार फूट उंच असते. बसून वात लावायची तर ज्योतीवरून हात न्यावा लागतो. बुटकी समई आणायची ठरली.

या सगळ्यावर मॅनेजरांनी एकदा विचारलं, "मॅडम, एका माणसासाठी एवढं सगळं?"

"हो, एका माणसासाठीच," मी म्हटलं. "व्याख्यान त्यांचंच आहे."

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, किमान निकष सक्तीचे करा, असं केंद्राला बजावलं आहे. मॅनेजरांशी बोलताना मी हे मांडलं, पण धमकी म्हणून नाही. त्यांच्या मालकांना पुढेमागे हे करावंच लागणार आहे, तर आमच्या निमित्ताने मोजमाप तरी हातात असू द्या, एवढंच.

हॉटेलच्या बाहेर

हॉटेलच्या आसपासचा भाग पाहणीत धरायचा का, यावर आमच्यात मतभेद झाले. माझं मत असं की माणूस हॉटेलच्या फाटकात आकाशातून उतरत नाही.

निपाणीला रेल्वे नाही, चंदगडलाही नाही. सगळे एस.टी.ने, कर्नाटकच्या बसने नाहीतर गाडीने येणार. सरांची गाडी भाचा चालवणार होता : तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, वंटमुरी घाट, काकती. हॉटेल हमरस्त्याच्या ज्या बाजूला होतं त्याच्या उलट बाजूने गाडी येते, त्यामुळे पुढे जाऊन पुलाखालून वळसा घ्यावा लागतो. तो वळसा रात्री कसा दिसतो ते भाच्याने आदल्या शनिवारी येऊन बघितलं.

चंदगडकडच्या शिक्षकांची गोष्ट वेगळी. सीमाभागात भाषेवरून कुठे काही पेटलं की आधी थांबते ती बस. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, किंवा हिवाळी अधिवेशनाच्या सुरुवातीला हे आपण कितीदा बघितलं आहे. फेब्रुवारीत तशी चिन्हं नव्हती, तरी सीमेवरच्या शिनोळीपर्यंत येऊन तिथून पुढे आणायला दोन जीपवाल्यांचे नंबर घेऊन ठेवले. शहरबसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, पुष्कळदा आकडेही. आम्हा बेळगावकरांना त्याची सवय आहे. गडहिंग्लजहून पहिल्यांदा येणारा शिक्षक मध्यवर्ती बसस्थानकावर गोंधळतो. म्हणून एक लहान कार्ड छापलं : एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये, हॉटेलचं नाव, जवळचा स्टॉप, रिक्षावाल्याला दाखवायचा पत्ता. त्या कार्डाचा सगळ्यांनाच उपयोग झाला.

रात्री साडेदहाला हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडून दोन्ही दिशांना चालत गेले. सर्व्हिस रोडला फुटपाथ नाही, गटारावरच्या फरशा दोन ठिकाणी खचलेल्या, दिवे एकाआड एक. व्हीलचेअरने जाण्यासारखा हा रस्ता नाही, हे लिहून टाकलं. जवळचं औषधाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, आणि हमरस्ता चालत ओलांडणं कुणीच करू नये. रात्री उघडी असणारी दुकानं मोठ्या दवाखान्यांच्या दाराशी सापडतात. तिथे जाऊन सरांच्या मापाचा, १४ नंबरचा कॅथेटर मिळतो का ते विचारून आले. मिळत होता. सर आपला साठा घेऊनच येणार होते, पण बॅग हरवू शकते.

शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांना शहर दाखवायचं होतं. काहींनी टिळकवाडीतलं वीरसौध सुचवलं, १९२४ चं काँग्रेस अधिवेशन जिथे झालं ती जागा. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. संध्याकाळच्या वेळेला रेल्वे गेट पडलं की टिळकवाडीत गाड्यांची रांग लागते आणि पुढे खडेबाजारातून कुंदा घेऊन परतायचं म्हणजे सरांना चार तासांच्या आत खोलीवर पोचता येईल याची खात्री नव्हती. किल्ला बरा वाटला. गाडी थेट आत जाते, तटाच्या आत सपाट रस्ता आहे. ज्यांना कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराच्या आत जायचं त्यांनी जावं, सरांना बाहेरून ते काम बघता येईल. सरांना विचारलं तर म्हणाले, किल्लाच बरा.

ते दोन दिवस

बाजूचं काचेचं दार दोन्ही दिवस उघडं राहिलं आणि 'प्रवेश' अशी मोठी पाटी तिथेच लावली, सगळ्यांसाठी. पुढच्या पोर्चमधून कुणी आलंच नाही, कारण पार्किंगहून हेच दार जवळ होतं. गुडघे दुखणारे निवृत्त शिक्षक, खोकी आणणारे पुस्तकविक्रेते, जेवणाच्या ट्रॉल्या, सगळे तिथूनच. रविवारी सकाळी मात्र रात्रीच्या लग्नाची जनरेटरची गाडी बरोबर त्या दारासमोर उभी होती आणि ड्रायव्हर झोपलेला. वॉचमननी त्याला उठवून गाडी हलवली तेव्हा पावणेआठ झाले होते. त्या दाराच्या चाव्या एकाच माणसाकडे नसाव्यात आणि समोरची जागा दोरी बांधून राखून ठेवावी, हे आदल्या रात्रीच व्हायला हवं होतं.

लॉनवरचा डीजे शनिवारी रात्री उशिरापर्यंत चालला. सरांची झोप नीट झाली नाही. मागच्या बाजूची खोली आम्ही टाळली होती, पण पहिल्या मजल्यावर आवाज सगळीकडेच पोचतो.

व्याख्यान ठरल्या वेळी झालं. सर स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत उतार चढले. तासभर घड्या, मग अर्धा तास प्रश्न. ते चहानंतर ठेवण्यामागे कॅथेटरचा हिशेब होता, हे कार्यक्रमपत्रिका वाचणाऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं.

जेवणाची सोय मात्र जमली नाही. बुफेची टेबलं उंच, मागच्या भांड्यांपर्यंत हात पोचत नाही, आणि गरम आमटीची ताटली मांडीवर ठेवून खुर्ची चालवणं सरांसाठी धोक्याचं. वहिनींनी वाढून आणलं. टेबलावर वाढणारा एक माणूस मागून घेतला असता तर वहिनींनाही आपल्या ओळखीच्या बायकांबरोबर बसता आलं असतं.

आणि हॉलचं स्वच्छतागृह. ते पॅसेजच्या टोकाला तीन पायऱ्या खाली आहे. तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, एकास बाराने उतार १८ फूट, आणि पॅसेज उरतो ११ फूट. तिथे उतार बसतच नाही. सर दर वेळी लिफ्टने खोलीवर गेले. त्यांची खोली होती म्हणून जमलं. दिवसापुरता येणारा व्हीलचेअरवरचा माणूस त्या हॉटेलात काय करेल?

सोमवारी सुताराने बाथरूमचं दार पुन्हा बसवलं. आठवड्याने मॅनेजरांनी फोन करून स्वच्छतागृहाचं विचारलं. काचेच्या दाराशेजारची मोडक्या खुर्च्यांची खोली आता रिकामी आहे, पाण्याची लाइन भिंतीपलीकडेच जाते. सरांनी चौकटीच्या कागदावर आराखडा काढून दिला आहे : मधे खुर्ची वळायला पाच फुटांचं मोकळं वर्तुळ, बाहेर उघडणारं ३६ इंची दार, कमोडच्या एका बाजूला भिंतीला पक्का कठडा आणि दुसऱ्या बाजूला वर दुमडणारा, बेसिनखाली गुडघ्यांना जागा. आराखडा मालकांकडे आहे. पाऊस सुरू होण्याआधी काम काढलं तर होईल, असं मॅनेजर म्हणाले. मे महिन्यात मी पुन्हा जाऊन बघणार आहे. काठी अजून माझ्याकडेच आहे.